सिनेमातला ‘गब्बर’, आपलं तहसील ऑफिस आणि कोल्हापूरकरांचे प्रश्न

‘गब्बर इज बॅक’ टीव्हीवर पुन्हा लागला की दुसऱ्या दिवशी मेसेज सुरू होतात. आम्ही कोल्हापुरातले काही जण हिंदी-मराठी सिनेमा बघून कॉलेजच्या पोरापोरींबरोबर त्यावर बोलतो. गडहिंग्लजपासून शाहूवाडीपर्यंतची मंडळी त्यामुळं हक्कानं विचारतात. अर्धे प्रश्न सिनेमाचे असतात, अर्धे थेट तलाठ्याचे. उत्तरं त्याच क्रमानं दिली आहेत. कायद्याचं सांगितलंय ते सर्वसाधारण माहितीसाठी. स्वतःच्या प्रकरणात पाऊल टाकण्याआधी वकिलाशी बोलून घ्या.

१. सिनेमा नेमका कशावर आहे? शेवट सांगितला तरी चालेल.

महाराष्ट्रातले १० तहसीलदार एकदम पळवले जातात. नऊ जण सुखरूप परत येतात. सगळ्यांत जास्त लाच खाणारा दहावा मेलेला सापडतो, आणि ‘गब्बर’ नावाचा कुणीतरी जबाबदारी घेतो. हा गब्बर म्हणजे कॉलेजचा प्राध्यापक आदित्य (अक्षय कुमार). सरकारी खात्यांत पसरलेले त्याचे विद्यार्थी त्याला आतली माहिती पुरवतात. त्याच्या रागाचं मूळ एका इमारतीच्या दुर्घटनेत आहे. बिल्डरनं परवानग्या विकत घेऊन बांधलेली इमारत कोसळली, त्यात त्याची बायको गेली आणि दाद मागायला गेल्यावर प्रत्येक दार बंद झालं. शेवटी तो बिल्डरला संपवतो, स्वतः शरण जातो आणि फासावर जातो. दिग्दर्शक क्रिश, प्रदर्शन १ मे २०१५.

मला यात सर्वांत खरा वाटतो तो सुनील ग्रोव्हरचा साधुराम. हा शिकलेला, हुशार हवालदार. वरिष्ठ त्याला मोजत नाहीत आणि गब्बरचा माग मात्र तोच काढतो. असा एक तरी माणूस आपल्या प्रत्येक ऑफिसात असतो.

२. ही गोष्ट मूळ हिंदीतलीच का?

नाही. मूळ तमिळ ‘रमणा’ (२००२). दिग्दर्शक ए. आर. मुरुगदास, नायक विजयकांत. पुढच्या वर्षी तेलुगूत चिरंजीवींचा ‘टागोर’ आला. हिंदीत यायला १३ वर्षं लागली.

३. आपल्याकडं खरंच १० तहसीलदार पळवले होते काय? गावात सगळे तसंच सांगतात.

नाही, ती कल्पना आहे. पण पटकथाकारानं तहसीलदार निवडला, मंत्री नाही, हे मला फार नेमकं वाटतं. मंत्री आपल्याला पोस्टरवर दिसतो. वारस नोंद, फेरफार, दाखला, रस्त्याचा वाद या सगळ्यासाठी आपण जातो ते तलाठी, मंडल अधिकारी आणि तहसील या साखळीकडंच. बाप गेल्यावर तीन भावांची नावं सातबाऱ्यावर चढवायची असतात. नोटिशीचे पंधरा दिवस उलटून जातात, कुणाची हरकत नसते, तरी नोंद मंजूर होत नाही. ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘सर्व्हर डाऊन आहे’, आणि चौथ्या खेपेला बाहेरचा कुणीतरी हळूच आकडा सांगतो. थिएटरात शिट्ट्या पडतात त्या या चौथ्या खेपेच्या आठवणीनं.

४. हॉस्पिटलमध्ये मेलेल्या माणसावर उपचार केल्याचं दाखवतात. असं घडू शकतं का? आणि बिलासाठी बॉडी अडवली तर काय करायचं?

त्या प्रसंगात नायक आधीच मृत असलेल्या माणसाला खासगी रुग्णालयात नेतो. डॉक्टर ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हणत औषधं लिहितात, पैसे भरून घेतात आणि सरतेशेवटी ‘वाचवू शकलो नाही’ म्हणतात. मग मृत्यूचा आधीचा दाखला पुढं येतो. पडद्यावर ते भडक आहे. पण बंद दाराच्या आत काय चाललंय हे नातेवाइकाला कळत नाही आणि विचारायचं धाडस होत नाही, ही असहायता शंभर टक्के खरी आहे.

आता व्यवहाराचं. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवण्याचा हक्क कुठल्याही रुग्णालयाला नाही. रुग्णालयाचं येणं वसूल करायला कायद्याचा वेगळा मार्ग आहे, प्रेत हे तारण होऊ शकत नाही. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. तपशीलवार बिल मागणं हाही तुमचा हक्क आहे. ‘औषधे – एकूण’ अशी एक ओळ म्हणजे बिल नव्हे.

अडचण आली तर काउंटरवर आवाज चढवू नका. एका कागदावर मागणी लिहा, तारीख आणि वेळ टाका, पोच मागा. पोच देत नसतील तर त्या कागदाचा तिथंच फोटो काढा. शहरातल्या रुग्णालयाची तक्रार महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडं जाते, शहराबाहेरच्याची जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं. मृतदेह अडवलाच असेल तर जवळचं पोलीस ठाणं किंवा ११२. डॉक्टरला हात लावायचा विचार मनातसुद्धा आणू नका. त्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे, आणि त्या एका थपडेनं तुमची खरी तक्रार गाडली जाते.

५. असले सूडाचे सिनेमे आपल्याकडं दक्षिणेतून आले, बरोबर ना?

गोष्टी तिथून येतात, भूक आपलीच आहे, आणि जुनी आहे. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगमंचावर आलं. लोकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि सरकारनं १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. दरबार गप्प बसतो, राजा हतबल असतो, म्हणून भीम रात्रीच्या अंधारात न्याय करतो. आजच्या प्रत्येक सूडपटाचा सांगाडा हाच. तीच कथा कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’त (१९२०) घेतली. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा तो पहिला चित्रपट. कीचकाला मारण्याचं दृश्य इतकं खरं उतरलं होतं की सेन्सॉरनं ते कापायला लावलं.

आणि त्याच बाबूराव पेंटरांनी पाच वर्षांनी ‘सावकारी पाश’ केला. सावकाराच्या खोट्या कागदात जमीन गमावून गाव सोडणारा शेतकरी, भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. इथं कुणी भीम येत नाही. अंगठा उठवलेला कागद माणसाचं काय करतो एवढंच दाखवलंय. भ्रष्टाचारावर सिनेमा करायचे हे दोन रस्ते शंभर वर्षांपूर्वी एकाच माणसानं, एकाच गावात चालून दाखवले. मला विचाराल तर दुसरा जास्त अवघड आहे आणि जास्त टिकतो. पण पहिल्याला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. लोकांचा राग कुठं साठलाय ते त्यातच कळतं.

६. नायकाला फाशी का दिली? एवढं सगळं चांगलं करून?

हा प्रश्न मुली जास्त विचारतात आणि फार कळवळून विचारतात. या प्रकारच्या सिनेमात हे आधीपासून चालत आलंय. एन. चंद्रांच्या ‘अंकुश’मध्ये (१९८६) बेकार पोरं अत्याचाराचा सूड घेतात आणि शेवटी फासावर जातात. ‘अर्धसत्य’मधला (१९८३) इन्स्पेक्टर वेलणकर गुंडाला मारतो आणि ठाण्यात जाऊन स्वतःला हवाली करतो. माणसं मारणारा नायक मोकळा सोडला तर सिनेमा खुनाला मान्यता देतोय असा अर्थ होतो, म्हणून शेवटी कायदा जिंकलेला दाखवतात.

माझं मत वेगळं आहे. फाशीमुळं नायक हुतात्मा होतो आणि त्याचा मार्ग चुकीचा होता हे म्हणणं पुसलं जातं. वेलणकरचा शेवट मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर विजय नाही.

७. खऱ्या आयुष्यात गब्बरवर कोणती कलमं लागली असती?

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणं खुनासाठी कलम १०३, खून करण्यासाठी पळवून नेण्याला कलम १४०, आणि माहिती पुरवणाऱ्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी गुन्हेगारी कटाचं कलम ६१. विद्यार्थ्यांचं सिनेमा फारसं काही दाखवत नाही. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात नोकरी जाईल ती त्यांची, आणि वर्षानुवर्षं तारखांना उभे राहतील तेही तेच.

८. पण कायद्यानं काहीच होत नसेल तर लोकांनी न्याय केला तर बिघडलं कुठं? कोल्हापूर तर आंदोलनाचं गाव आहे.

आंदोलनाचं गाव आहे म्हणूनच हे ठामपणे लिहितो. कोल्हापुरातला टोलविरोधी लढा आठवा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे अशी वयानं थकलेली माणसं उन्हात मोर्चाच्या पुढं होती. पेठापेठांतल्या तालमी, मंडळं, बायका, रिक्षावाले सगळे होते. नाक्यांची मोडतोड आणि जाळपोळही झाली, ते लपवायचं कारण नाही. पण टोल गेला तो आगीमुळं नाही. रस्त्यांच्या कामाचा हिशेब मागितला गेला, फेरमूल्यांकन करावं लागलं आणि वर्षानुवर्षं माणसं रस्त्यावरून हटली नाहीत, म्हणून गेला.

आणि याच गावात १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून घरी परतणाऱ्या पानसरेंवर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला ते गेले. ‘गब्बर इज बॅक’ त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी कोल्हापुरातल्या पडद्यांवर लागला. पडद्यावर मारला जाणारा दोषी आहे हे दिग्दर्शक आपल्याला आधी तासभर दाखवतो, म्हणून गोळी सुटल्यावर टाळ्या पडतात. रस्त्यावर हे कुणीच दाखवलेलं नसतं. ज्याच्या हातात पिस्तूल, तोच ठरवतो दोषी कोण. एकदा हा अधिकार कुणालाही दिला की तो फक्त लाचखोरावर चालेल अशी हमी कुणी देऊ शकत नाही. कायदा संथ आहे हे मला मान्य आहे. तो हलवायचा कसा, ते पुढच्या प्रश्नांत आहे.

९. ठीक आहे. मग लाच मागणाऱ्याला पकडायचं कसं? १०६४ वर फोन केला तर पुढं काय होतं?

१०६४ हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक. कोल्हापुरात विभागाचं कार्यालय आहे आणि ते पुणे परिक्षेत्रात येतं. पैसे देण्याच्या आधी फोन करायचा, ही पहिली अट. दिले असतील तर प्रश्न ११ पाहा.

तुमची लेखी तक्रार घेतात आणि दुसऱ्या खात्यातले दोन सरकारी कर्मचारी पंच म्हणून बोलावतात. मग पडताळणी होते. अंगावर रेकॉर्डर देऊन तुम्हाला पंचासह त्या ऑफिसात पाठवतात. साहेब खरंच मागतोय का, किती मागतोय, हे तिथं ऐकलं जातं. पाच हजारांवरून तीन हजारांवर तडजोड झाली तर तीही नोंदली जाते.

त्यानंतर सापळा. नोटांचे नंबर पंचनाम्यात उतरवतात आणि नोटांना पावडर चोळतात. एक जण त्या तुमच्या खिशात ठेवतो. इथून पुढं तुम्ही त्यांना विनाकारण हात लावायचा नाही. आत गेल्यावर गडबडीनं पैसे पुढं करायचे नाहीत. त्यानं मागितले पाहिजेत, पंचाला ते ऐकू गेलं पाहिजे, मगच द्यायचे. टेबलावर ठेवून निघून आलात तर प्रकरण तिथंच ढिलं पडतं. त्यानं घेतले की ठरलेली खूण करायची. डोक्यावरची टोपी काढणं, रुमालानं तोंड पुसणं, जे ठरलं असेल ते. पथक आत येतं. पावडर फिनॉल्फ्थॅलीनची असेल तर सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बोटं बुडवल्याबरोबर पाणी गुलाबी होतं. अँथ्रासिनची असेल तर अतिनील दिव्याखाली बोटांवर निळसर चमक दिसते. ते पाणी बाटलीत सीलबंद होऊन तपासणीला जातं. सगळं शांतपणे चालतं, आरडाओरडा नसतो. आणि साहेबाच्या कपाळावर घाम दिसतो तो पडद्यावरच्या कुठल्याही मारामारीपेक्षा मोलाचा आहे.

गुन्हा सिद्ध झाला तर भ्रष्टाचार प्रतिबंध अधिनियम १९८८ च्या कलम ७ खाली तीन ते सात वर्षं कैद आणि दंड.

१०. सापळ्यातले पैसे कुणाचे? ते अडकतात ना?

सुरुवातीला तक्रारदाराचे. मूळ नोटा पुरावा म्हणून जप्त होतात, पण रक्कम सरकारकडून परत मिळण्याची सोय आहे. तक्रार देतानाच त्याबद्दल विचारा. आणि जवळ पैसेच नाहीत म्हणून घरी बसू नका, तेही स्पष्ट सांगा.

११. मी आधीच पैसे दिलेत. आता तक्रार केली तर मीच आत जाणार?

२०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा झालाय, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. पण तुम्हाला द्यायला भाग पाडलं असेल आणि दिल्यापासून सात दिवसांच्या आत तुम्ही पोलिसांना किंवा लाचलुचपत विभागाला कळवलंत, तर हे कलम तुम्हाला लागत नाही. सापळ्यात विभागाला सांगून दिलेल्या पैशालाही लागत नाही.

हे सात दिवस फार महत्त्वाचे. घरातली थोरली माणसं ‘जाऊ दे, झालं ते झालं’ म्हणत आठवडा घालवतात.

१२. तक्रार केली की माझं काम कायमचं लटकणार. त्याचं काय?

ही भीती निराधार नाही. म्हणून कामाचा कागद वेगळा चालवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत आहे. ‘आपले सरकार’वर किंवा सेतू केंद्रात अर्ज करून पोच घ्या. मुदत उलटली की पहिलं अपील, मग दुसरं, मग सेवा हक्क आयोग. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम छोटी आहे, पण दंड त्याच्या नावावर लागतो.

जोडीला माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एकच विषय दीडशे शब्दांत मांडा: ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेला काय शेरा झाला, त्याची प्रत द्यावी.’ उत्तर ३० दिवसांत. नाही आलं तर पहिलं अपील. त्यानंतरचं दुसरं अपील आपल्या जिल्ह्याचं राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं जातं, आणि तिथं वेळ लागतो, हे धरून चाला. पण अनेकदा या एका अर्जानंच फाईल हलते.

१३. लाच मागणारा सरकारी नोकर नाही. एजंट आहे / साखर कारखान्यातला आहे / शाळेतला आहे. मग?

एजंट साहेबासाठी पैसे घेत असेल तर तोही कलम ७-अ खाली अडकतो. सरपंच लोकसेवक आहेच. सहकारात थोडं बारकाईनं बघावं लागतं. शेती, उद्योग, व्यापार किंवा बँकिंग करणाऱ्या नोंदणीकृत सहकारी संस्थेला सरकारी आर्थिक मदत मिळत असेल किंवा पूर्वी मिळाली असेल, तर तिचा अध्यक्ष, सचिव वा पदाधिकारी लोकसेवकाच्या व्याख्येत येतो. कारखाने, दूध संस्था आणि पतसंस्थांच्या आपल्या जिल्ह्यात हे प्रत्येकाला माहीत हवं. अनुदानित शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी आणि कर्मचारीही येतात. पूर्ण खासगी कंपनीतल्या खरेदी अधिकाऱ्यानं कमिशन मागितलं तर मात्र हा कायदा नाही, तिथं फसवणुकीसारखी दुसरी कलमं बघावी लागतात.

१४. आम्ही मित्रांनी तालुक्यातल्या लाचखोरांची यादी करून व्हॉट्सॲपवर टाकायचं ठरवलंय. सिनेमात तसंच करतात.

टाकू नका. पुराव्याशिवाय नाव टाकलं तर न्याय संहितेतलं बदनामीचं कलम ३५६ तुमच्यावर येतं, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचं. शिवाय यादीत एक जरी निर्दोष नाव गेलं तर त्या माणसाच्या पोरांना शाळेत काय ऐकावं लागेल? ज्या माणसानं तुमच्याकडं मागितलेत त्याची एक तक्रार द्या. पाच मित्रांकडं मागितलेत तर पाच तक्रारी द्या.

१५. तक्रारदारच कोर्टात फिरला तर? आमच्या गावात तसंच झालं, भावकीचा दबाव आला.

साक्षीदार फितूर झाला की सगळं संपलं असं पूर्वी धरलं जायचं. १५ डिसेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नीरज दत्ता प्रकरणात स्पष्ट केलं की तक्रारदार फिरला, मरण पावला किंवा साक्षीला आला नाही तरी लाचेची मागणी आणि स्वीकार इतर पुराव्यांवरून सिद्ध होऊ शकतात. पण मागणी सिद्ध व्हावीच लागते, नुसत्या नोटा सापडून भागत नाही. म्हणून प्रश्न ९ मधल्या पडताळणीचं एवढं महत्त्व.

आणखी एक. अपिलासाठी आता मुंबईच्या खेपा नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत सुरू झालंय. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि लोकांनी चार दशकांहून जास्त काळ लढा दिला. या पानावरच्या सगळ्या गोष्टींत मला याचा आनंद सर्वांत मोठा आहे.

१६. चौकशीआधी सरकारची परवानगी लागते म्हणे. मग सापळ्यात सापडलेला सुटणारच ना?

दोन वेगळ्या परवानग्या आहेत, त्यांची गल्लत होते. कामकाजात घेतलेल्या निर्णयाबद्दल चौकशी सुरू करायची तर भ्रष्टाचार प्रतिबंध अधिनियमाच्या कलम १७-अ खाली आधी मंजुरी लागते. लाच घेताना जागेवर पकडलेल्याला ते लागू नाही. मात्र खटला चालवायला कलम १९ ची मंजुरी सापळ्याच्या प्रकरणातही लागतेच. ती तीन महिन्यांत, फार तर आणखी एका महिन्यात द्यावी असं कायदा म्हणतो. अडली असेल तर कुठं अडलीय हे विचारणारा अर्ज तुम्हीही करू शकता (प्रश्न १२).

१७. मी त्याचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलंय. पुरेसं आहे का?

सुरुवात म्हणून उत्तम, पुरावा म्हणून एकटं अपुरं. विभाग स्वतःची पडताळणी करतोच. पण ते रेकॉर्डिंग कापू नका, आवाज वाढवू नका, फाईलचं नाव बदलू नका. व्हॉट्सॲपवरून फिरवलेली प्रत नको, मूळ फाईल असलेला फोनच घेऊन जा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यासाठी ते कुठल्या यंत्रावर, कधी झालं हे सांगता यायला हवं. स्क्रीन फुटलीय म्हणून फोन दुरुस्तीला टाकणार असाल तर आधी तक्रार द्या, मग दुकानात जा.